केसपेपरवरचा सायनस

मिरजेत रिक्षावाल्याला नुसतं ‘दवाखान्यात चला’ म्हणून भागत नाही. कुठल्या, ते सांगावं लागतं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं, आणि तेव्हापासून हे गाव सतारींइतकंच दवाखान्यांसाठी ओळखलं जातं. तासगाव, जत, कवठेमहांकाळपासून थेट अथणी-विजयपूरपर्यंतची माणसं सकाळच्या गाड्यांनी उतरतात आणि केसपेपरच्या रांगेत अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलत उभी राहतात. दवाखान्यात येणाऱ्या माणसांपैकी किती जणांना जुनाट सायनसचा विकार असतो, एवढा एकच प्रश्न घेऊन मी इथल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जाऊन बसले. उत्तर एका टक्केवारीत मिळेल अशी माझी समजूत होती.

ओपीडीच्या दारातच कळतं, की निदान पेशंटबरोबर घरूनच आलेलं असतं. ‘मला सायनस हाय’ हे पहिलं वाक्य. ते कधी गावातल्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, कधी औषधाच्या दुकानदारानं, कधी जावेनं. हातात कॅरीबॅग, बॅगेत जुने एक्स-रे, अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि नाकात घालायच्या थेंबांची एक तरी बाटली. विभागातल्या डॉक्टरबाई ती बॅग बाजूला ठेवायला सांगतात आणि पहिला प्रश्न काळाचा विचारतात. किती दिवस झाले?

या प्रश्नाला कुणीही आठवड्यांत उत्तर देत नाही. ‘सुगी झाल्यापासनं’, ‘जत्रेच्या आधीपासनं’, ‘थोरलीचं लग्न झालं तवापासनं’. भिंतीवरचं कालनिर्णय त्यासाठीच लावलेलं असावं, कारण निवासी डॉक्टर दर थोड्या वेळानं मान वळवून त्यावर बोट ठेवत मागं मागं जातो. बारा आठवडे ही इथली सीमारेषा. नाक चोंदणं किंवा नाकातून, घशातून घाण उतरणं यांपैकी एक तरी हवंच. जोडीला चेहरा जड होणं, दुखणं किंवा वास न येणं यांपैकी काही. असा निदान दोन लक्षणांचा त्रास बारा आठवडे सलग असेल आणि आत दुर्बिणीत किंवा सीटी स्कॅनवर त्याचा पुरावा दिसत असेल, तरच त्याला जुनाट सायनस म्हणायचं. ही युरोपीय तज्ज्ञांच्या गटानं २०२० साली पुन्हा मांडलेली व्याख्या असली तरी इथल्या टेबलावरही तीच चालते. पडसं दर महिन्याला येतं आणि आठ दिवसांत जातं, अशा माणसाचा केसपेपर इथंच वेगळा होतो.

मग नाक. तपासणीची सुरुवात यंत्रानं होत नाही, एका चपट्या स्टीलच्या पट्टीनं होते. जीभ दाबायची तीच पट्टी, पण इथं ती नाकपुड्यांखाली आडवी धरतात. ‘मामा, तोंड मिटा आणि नाकानं हळू श्वास सोडा.’ थंड धातूवर वाफेचे दोन गोल उमटतात. एक मोठा, एक अगदी चिंचोळा. किंवा एका बाजूला काहीच नाही. ज्या बाजूनं हवा येत नाही ती बाजू दोन सेकंदांत कळते, वीज लागत नाही, बिल लागत नाही. मामांना मात्र हा प्रकार पटत नाही. ‘नाकाचं हाड वाढलंय म्हणत्यात,’ ते सांगतात. हाड वाढलेलं नसतं. मधला पडदा एका बाजूला कललेला असतो, आणि असा थोडाफार कललेला पडदा कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात असतो. पण ‘हाड वाढलंय’ या दोन शब्दांवर या भागात अनेक वर्षं अनेकांचं समाधान होत आलं आहे, आणि काहींची ऑपरेशनंही.

आतली रचना समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. कपाळात, डोळ्यांच्या मधे, गालांच्या आत आणि पार मागं, कवटीच्या तळाशी, अशा हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या आपल्या चेहऱ्यात असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. सगळ्यांना आतून ओलसर अस्तर असतं आणि त्या अस्तरावर सूक्ष्म केसांची लव. ही लव सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेनं हलते आणि वरचा चिकट थर पुढं ढकलत नाकात, तिथून घशाकडं नेते. आपल्या नकळत आपण तो दिवसभर गिळत असतो. गालातल्या सगळ्यात मोठ्या पोकळीची गंमत अशी, की तिचं तोंड तळाशी नाही, छताजवळ आहे. म्हणजे तिथला स्राव उतारानं वाहून जात नाही. या लवेला तो चढावर ढकलत न्यावा लागतो. चार पायांवर चालणाऱ्याला ही रचना कदाचित बरी पडली असती. दोन पायांवर उभ्या राहिलेल्या माणसाला ती महाग पडते. वाटेतली अरुंद खिंड सुजली, की मागं सगळं तुंबतं. ऑस्ट्रियात ग्राझला वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीनं हे वाहणं पाहिलं, कशानं अडतं ते शोधलं, आणि सायनसच्या आजच्या ऑपरेशनची सगळी दिशा त्यातून ठरली: पोकळी खरवडायची नाही, वाट मोकळी करायची.

ही लव काम करते का, हे पाहायची एक जुनी युक्ती आहे. सॅकरिनचा बारीक कण नाकाच्या आतल्या बाजूला ठेवतात आणि घड्याळ लावतात. मी माझ्यावर करून घेतली. शिंकायचं नाही, नाक ओढायचं नाही, गप्प बसायचं. पंधराएक मिनिटांनी घशात अचानक गोड लागलं. अर्ध्या तासाच्या वर गेलं तर लव मंदावली समजायचं. सांगलीच्या हळदपेठेत पॉलिशच्या ड्रमाजवळ बसणारी एक बाई शेजारीच होती. मला गोड लागलं तेव्हा ती म्हणाली, ‘मला दिवसभर कडूच लागतंय.’

दुर्बीण घालण्याआधी बधिर करायच्या औषधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या नाकात ठेवतात. दहा मिनिटं माणूस बाकावर तोंड उघडं ठेवून बसतो. एका ओळीत असे चार-पाच जण बसलेले असतात, कुणी कुणाशी बोलत नाही. मग चार मिलिमीटर जाडीची सरळ दुर्बीण. तिचं टोक आतल्या गरम हवेनं धुरकट होऊ नये म्हणून सॅव्हलॉनमध्ये बुडवून पुसतात. डॉक्टरबाई तीनदा आत जातात: एकदा तळालगत थेट मागं, एकदा वरच्या बाजूला, आणि शेवटी मधल्या पडवीसारख्या हाडाखाली. बाहेरच्या स्क्रीनवर गुलाबी भिंती सरकतात. ती खिंड इथं, या मधल्या हाडाखाली असते. आजार असेल तर तिथून पिवळट, दाट स्रावाची एक दोरी खाली घशाकडं उतरताना दिसते. ती एकदा पाहिली, की चोंदलेलं नाक आणि सायनस यांतला फरक सांगावा लागत नाही.

तासगावकडून आलेल्या एका काकूंच्या नाकात दोरी नव्हती, वेगळंच होतं. राखाडी, पारदर्शक, ओलसर, सोललेल्या द्राक्षासारखं. सगळ्या पुस्तकांत पॉलिपला हीच उपमा आहे, पण ती ऐकायला समोर द्राक्षबागायतदारीण बसलेली असणं हा मिरजेचाच योग. पट्ट्या ठेवण्याआधी डॉक्टरबाईंनी सळईनं त्याला हळूच हलवलं होतं. काकूंना काही कळलं नव्हतं. नाकातलं नेहमीचं सुजलेलं मांस असतं तर त्या ओरडल्या असत्या. पॉलिपला स्पर्श कळत नाही. पॉलिप हे जुनाट सायनसचंच एक रूप. काकूंची मूळ तक्रार डोकेदुखीची नव्हतीच. घरचं दूध नासलंय का ते त्यांना दोन वर्षांपासून वासावरून कळत नव्हतं. ‘सुनेला हुंगायला लावते,’ त्या म्हणाल्या. जोडीला दमा होता आणि त्याची औषधं दुसऱ्या दवाखान्यातून चालू होती. तिथं त्यांना नाकाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनाही ते सांगावंसं वाटलं नव्हतं.

इथं माझ्या टक्केवारीला पहिला तडा गेला. जो खरा जुनाट सायनसचा पेशंट, तो कित्येकदा ‘सायनस हाय’ म्हणत येतच नाही. तो दम्याच्या ओपीडीत असतो, किंवा वास येत नाही हे वय झाल्याचं लक्षण मानून घरी असतो. आणि जो ‘सायनस हाय’ म्हणत येतो, त्याचं बऱ्याचदा दुसरंच काहीतरी निघतं. अर्धं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, मळमळतं, झोपलं की बरं वाटतं: ही कहाणी दर थोड्या वेळानं कुणीतरी सांगतं आणि बोट भुवईवर ठेवून ‘सायनस’ म्हणतं. नाक आतून स्वच्छ असतं. हे अर्धशिशीचं दुखणं. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणाऱ्या जवळपास तीन हजार माणसांना तपासलं. त्यांतल्या ८८ टक्क्यांची लक्षणं अर्धशिशीच्या व्याख्येत बसली. अर्धशिशीत नाक वाहू शकतं, डोळ्याला पाणी येऊ शकतं, त्यामुळं फसायला होतं. पण डॉक्टरबाईंनी ‘सायनस नाही’ म्हटल्यावर माणसांचे चेहरे उतरतात, हे मी पाहिलं. वर्षानुवर्षं सुंठ उगाळून कपाळाला लावली, वाफारे घेतले, आणि आता हे काय नवीन!

थेंबांच्या बाटलीचा वेगळा तमाशा. नाक मोकळं करणारे थेंब आठवड्याच्या आत थांबवायचे असतात. त्यापुढं नाक त्या थेंबांनाच चटावतं, औषध उतरलं की दुप्पट सुजतं. चार-चार वर्षं उशाशी बाटली घेऊन झोपणारी माणसं इथं येतात. त्यांच्या केसपेपरवरही आधीच्या कुणीतरी सायनस लिहिलेलं असतं.

विभागातला निवासी डॉक्टर नेमकं हेच मोजतो आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रबंध लागतो आणि त्याच्या प्रबंधाचा विषय माझ्याच प्रश्नाच्या जवळचा आहे. मोजणी म्हणजे काय, हे मी त्याच्याकडून शिकले. प्रत्येकाकडून संमतीचा कागद, मग बावीस प्रश्नांची यादी, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण एकशे दहा. पहिले प्रश्न शिंका, शेंबूड, खोकला असे सरळ. मग झोप. शेवटी चिडचिड, उदासी आणि सगळ्यात शेवटी लाज. लाज वाटते का? हा प्रश्न भर ओपीडीत मोठ्यानं विचारायला तो बिचारा स्वतःच लाजतो. बहुतेक पुरुष ‘छे, लाज कसली’ म्हणतात. काकू जरा थांबल्या. सणाला पाव्हणे जेवायला बसले असताना आमटी करपली आणि वास सगळ्या घराला आला, फक्त चुलीपुढं उभ्या असलेल्या त्यांनाच नाही, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, ‘लिही चार.’

त्यानंतर सीटी स्कॅन. समोरून घेतलेल्या कापांत निरोगी पोकळी काळी दिसते, भरलेली राखाडी. १९९३ साली लंड आणि मॅके या दोन ब्रिटिश सर्जननी गुण द्यायची सोपी पद्धत काढली: प्रत्येक पोकळी मोकळी असेल तर शून्य, अर्धवट भरली तर एक, पूर्ण भरली तर दोन, खिंड मोकळी तर शून्य, बंद तर दोन, दोन्ही बाजू मिळून कमाल चोवीस. हिशेब स्वच्छ वाटतो. पण अपघातानंतर किंवा फिट आल्यावर डोक्याचा स्कॅन काढलेल्या, नाकाची काहीच तक्रार नसलेल्या माणसांच्या सायनसमध्येही सूज दिसते. १९८८ सालच्या एका अभ्यासात असे ६६६ जणांचे स्कॅन पाहिले होते, आणि त्यांतल्या ४२ टक्क्यांहून अधिक जणांत काही ना काही सापडलं. साधं पडसं होऊन गेलं तरी आठवडाभर अस्तर जाड राहतं. त्यामुळं ‘स्कॅनमध्ये सायनस आला’ हे वाक्य एकटं काही सांगत नाही. लोक मात्र तो रिपोर्ट लॅमिनेट करून आणतात.

म्हणजे नुसती लक्षणं विचारली तर आकडा फुगतो, नुसता स्कॅन पाहिला तरी फुगतो. दोन्ही एकत्र मागितलं, की उतरतो. युरोपातल्या बारा देशांत २०११ च्या मोठ्या पाहणीत प्रश्नावलीवरून १०.९ टक्के लोक जुनाट सायनसचे निघाले, पण शहरागणिक हा आकडा सातपासून सत्तावीसपर्यंत हलत होता. चीनच्या सात शहरांत आठ टक्के, ब्राझीलच्या साओ पावलोत साडेपाच. नेदरलँड्समध्ये मात्र दुसऱ्याच कारणासाठी डोक्याचा स्कॅन काढायला रुग्णालयात आलेल्यांची लक्षणं आणि स्कॅन हे दोन्ही ताडून पाहिलं, तेव्हा गणित तीन ते सहा टक्क्यांवर आलं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत दर आठ भारतीयांमागे एक, अशी बातमी अधूनमधून येते. त्या आठांपैकी किती जणांच्या नाकात कुणी डोकावून पाहिलं, हे त्या बातमीत नसतं.

रुग्णालयातून मोजायचं म्हटलं की अजून एक भानगड. भागायचं कशानं? कान-नाक-घशाच्या दारात उभं राहून मोजलं, तर आकडा मोठा येणार. तिथं नाकवालेच येतात. सगळ्या रुग्णालयाच्या नोंदी घेतल्या, तर छोटा येणार, कारण मूळव्याधीच्या पेशंटला नाकाबद्दल कोण विचारतो? शिवाय ज्याला एकाच वेळी दोन आजार आहेत तो दवाखान्याची पायरी चढण्याची शक्यता जास्त, त्यामुळं दवाखान्याच्या आत दमा आणि सायनस यांची जोडी गावातल्यापेक्षा घट्ट दिसते. जोसेफ बर्कसन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञानं १९४६ मध्येच हा सापळा दाखवून दिला होता. आणि रजिस्टरातल्या सांकेतिक क्रमांकांवर विसंबावं, तर आंतरराष्ट्रीय यादीत जुनाट सायनस ‘जे ३२’मध्ये बसतो आणि पॉलिप ‘जे ३३’मध्ये. तासगावच्या काकू, ज्यांचा आजार या खोलीतल्या कुणाहीपेक्षा पक्का होता, त्या ‘जे ३२’ मोजणाऱ्याच्या यादीत येणारच नाहीत.

निवासी डॉक्टरला हे सगळं ठाऊक आहे. तरी तो मोजतो, आणि ते मला योग्य वाटतं. फक्त त्याच्या आकड्याबरोबर कुठल्या दारात मोजलं आणि काय पाहून मोजलं, हे छापलं गेलं पाहिजे. एरवी ती टक्केवारी आजाराची नसून रांगेची असते.

काकूंना नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं सांगितलं. स्प्रे कसा मारायचा हे दाखवायला सिस्टरांनी पाच मिनिटं दिली: मान जरा खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, टोक मधल्या पडद्याकडं नाही तर कानाच्या दिशेनं, आणि जोरात ओढायचं नाही. बहुतेक जण नेमकं उलट करतात आणि मग औषध लागू पडत नाही म्हणून सोडून देतात. पाणी उकळून गार केलेलंच घ्यायचं, नळाचं थेट नाही. जलनेती करणाऱ्यांनीही हे पाळायला हवं, कारण न उकळलेल्या पाण्यातला एक दुर्मीळ अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचून जीव घेऊ शकतो. अँटिबायोटिकची चिठ्ठी मिळाली नाही म्हणून काकू जरा नाराज होत्या. पण हा सततच्या दाहाचा आजार आहे. पाच दिवसांच्या कोर्सनं जाणारा नाही. औषधानं उतरलं नाही तर दुर्बिणीचं ऑपरेशन, आणि त्यानंतरही स्प्रे आणि धुणं चालूच. ‘ऑपरेशन केलं की सुटलो’ असं इथं कुणी सांगत नाही, निदान माझ्यासमोर तरी सांगितलं नाही.

एका गोष्टीत मात्र हा विभाग २०२१ नंतर बदललेला आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची साथ महाराष्ट्रानं फार जवळून पाहिली. साखर वाढलेली, स्टेरॉइड घेतलेली माणसं गाल दुखतो, दात हलतो म्हणून येत आणि दुर्बिणीत आतलं अस्तर काळं पडलेलं दिसे. ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होते, कित्येकांचे डोळे काढावे लागले. आजही मधुमेहाच्या पेशंटनं गाल बधिर झाल्याचं सांगितलं, की डॉक्टरबाई रांग मोडून त्याला आधी आत घेतात.

म्हणून सायनस किती जणांना आहे यापेक्षा, कुणाचा सायनस ‘नेहमीचाच’ म्हणून सोडता येणार नाही, हे वाचकानं लक्षात ठेवलेलं बरं. साधारणपणे हा आजार दोन्ही बाजूंना होतो. एकाच बाजूचं नाक चोंदत असेल, एकाच बाजूनं घाण वास येत असेल, रक्त येत असेल, तर त्यामागं वरच्या दाढेच्या मुळाशी झालेला पू असू शकतो, बुरशीचा गोळा असू शकतो, क्वचित गाठही. डोळा सुजला, दुहेरी दिसू लागलं किंवा गाल बधिर झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि जाताना जुना एक्स-रे राहिला तरी चालेल. कुठली बाजू आणि किती आठवडे, एवढं मात्र आठवून जा.